हिरडा, लोह आणि मंजिष्ठ: ठशांनी छापलेला अंगरखा तयार करण्याची पद्धत

वस्त्रकलेच्या अभ्यासक्रमात छपाई शिकवताना सुरुवातीला बहुधा तयार पिगमेंट रंग आणि ते कापडाला चिकटवणारे बाइंडर दिले जातात, कारण त्यांचा परिणाम तासाभरात डोळ्यांसमोर येतो. ती सोय उपयोगाची आहे. मात्र पिगमेंट धाग्यात मुरत नाही, ते कापडाच्या वरच्या थरावर चिकटून बसते आणि ठसठशीत छापले तर तेवढा भाग कडक होतो. भिंतीवर लावायच्या कापडाला हा कडकपणा चालतो, अंगावर वागवायच्या कपड्याला चालत नाही. म्हणून परिधान करता येईल अशी कलाकृती तयार करायची असेल, तर विद्यार्थ्याने एकदा तरी जुन्या पद्धतीने, म्हणजे हिरडा, लोह, तुरटी आणि मंजिष्ठ वापरून काम करावे, असे माझे ठाम मत आहे. या लेखात त्या पद्धतीने मांजरपाटावर ठसे छापून, त्या कापडाचा बाराबंदीच्या, म्हणजे बंदांनी बांधायच्या कपड्याच्या, धर्तीचा अंगरखा कसा शिवावा हे क्रमाने सांगितले आहे.

या छपाईचे तत्त्व आधी समजून घ्यावे, कारण ते एकदा कळले की पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप उलगडते. सुती धागा वनस्पतिज रंग सहजासहजी धरत नाही. त्याला मध्ये धातूच्या क्षाराचा दुवा लागतो आणि या दुव्याला रंगबंधक म्हणतात. ठशाने आपण हे रंगबंधकच छापतो. कापड नंतर एकाच पातेल्यात, एकाच रंगात, म्हणजे इथे मंजिष्ठेच्या, उकळले जाते; जिथे तुरटी छापली होती तिथे लाल रंग चढतो, जिथे लोह छापले होते तिथे काळा राहतो, दोन्हींचे मिश्रण असेल तिथे कत्थईकडे झुकणारी छटा येते, आणि जिथे काहीच छापले नव्हते तिथला रंग पुढच्या धुलाईत बराचसा निघून जातो. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने इजिप्तमधील रंगाऱ्यांचे हेच काम आश्चर्याने नोंदवले आहे: एकरंगी कढईत घातलेले कापड अनेक रंगांचे होऊन बाहेर येते. कच्छमधील अजरख, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले बाग आणि जयपूरजवळचे बगरू येथील छपाई आजही याच तत्त्वावर उभी आहे.

कापड आणि पाणी

मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या अंगरख्याला साधारण ३ मीटर कोरा मांजरपाट पुरतो आणि मध्यम जाडीचे तेवढे कापड सुमारे ५०० ग्रॅम भरते. पुढची सर्व प्रमाणे ५०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी दिली आहेत. कापड नेहमी वजनावर मोजावे. मीटरवर काढलेले प्रमाण कापडाची जाडी बदलली की चुकते. पॉलिएस्टरचे मिश्रण असलेले कापड घेऊ नये. शंका असेल तर एक धागा ओढून जाळून पाहावा: शुद्ध सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

कोऱ्या कापडात विणकामाच्या वेळची खळ, कापसातला मेणचट अंश आणि मागाचे तेल असते. हे सर्व निघेपर्यंत कापड रंग सारखा धरणार नाही. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात कापड सैल बुडेल एवढे पाणी घेऊन त्यात २० ते २५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालावा, आणि कापड तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळट तपकिरी होते. ते फेकून, पाणी जवळजवळ स्वच्छ राहीपर्यंत ही उकळ पुन्हा द्यावी. नंतर वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब क्षणात शोषला गेला तर कापड तयार आहे. तो मोत्यासारखा वर थांबला तर आणखी एक उकळ हवी. या पायरीत मांजरपाट आटतो, त्यामुळे अंगरख्याची मापे कापडावर त्याआधी कधीही आखू नयेत.

पाण्याकडे विद्यार्थी सहसा लक्ष देत नाहीत, आणि लाल रंग काळवंडला की दोष मंजिष्ठेला देतात. बोअरवेलच्या पाण्यात पुष्कळदा लोह असते आणि ते संपूर्ण कापडभर रंगबंधकाचे काम करून जाते. परीक्षा सोपी आहे. हिरड्याचा गाळलेला काढा पांढऱ्या वाटीत घेऊन त्यात वापरायचे पाणी ओतावे. मिश्रण करडे किंवा जांभळट झाले तर पाण्यात लोह आहे, पिवळसर राहिले तर ते पाणी निर्धास्त वापरावे. पाण्याचे हे महत्त्व किती मोठे आहे, हे कच्छमध्ये दिसून आले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यातले लोह वाढले आणि अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर ही नवी वसाहत केली. पाणी बदलले म्हणून कारागिरांनी गाव बदलावे, एवढा पाण्याचा अधिकार या कामात आहे.

हिरडा चढवणे

हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच आहे. जुन्नर, आंबेगाव भागातील आदिवासी कुटुंबे तो गोळा करून विकतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी हिरड्याची पूड चालते, मात्र ती त्रिफळा चूर्णासारखी मिसळलेली नसावी. १०० ग्रॅम पूड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून दोनदा गाळावी, त्यात कापड सुटे राहील एवढे पाणी वाढवावे आणि ओले करून पिळलेले कापड त्यात अर्धा ते एक तास सतत हलवत ठेवावे. नंतर कापड पिळून, न धुता, सपाट जागेवर पसरून उन्हात वाळवावे. दोरीवर टाकले तर द्रव खालच्या काठाकडे ओघळतो आणि तिथे पुढे गडद पट्टा उमटतो. वाळलेले कापड फिकट पिवळे दिसते आणि उन्हाकडे असलेली बाजू किंचित गडद होते. छपाई त्याच बाजूवर करावी. कापड झटकून वर राहिलेली पूड काढून टाकावी, नाहीतर ठशाच्या खाचांत ती अडकते.

हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाशी संयोग पावून काळा रंग देते आणि तुरटीलाही सुती धाग्यावर टिकायला आधार देते. लेखणीने कलमकारी करणारे आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्तीचे कलावंत हिरड्याच्या काढ्यात म्हशीचे दूध मिसळतात, कारण दुधातल्या स्निग्धांशामुळे लोहाची रेघ पसरत नाही. ठशाच्या कामात खळ घट्ट ठेवली की पसरणे आटोक्यात राहते आणि दुधाची गरज पडत नाही. पण अंगरख्यावर काही भाग हाताने रेखाटायचा असेल तर तेवढ्यापुरता हा उपाय अवश्य करून पाहावा.

काळ्या आणि लाल रंगाची खळ

काळ्या रंगाची तयारी सर्वांत आधी, कापड विकत घेण्याच्याही आधी सुरू करावी, कारण तिला वेळ लागतो. सुमारे १ किलो भंगारातले लोखंड, म्हणजे खिळे, जुने नाल किंवा सळईचे तुकडे, घासून तेल व सुटा गंज काढून घ्यावेत. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ५ लिटर पाणी, हे लोखंड आणि पाव ते अर्धा किलो गूळ घालून तोंडाला फडके बांधावे. झाकण घट्ट लावू नये, कारण आंबताना वायू सुटतो. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांत आणि थंडीत त्याहून अधिक काळाने द्रव तयार होतो. वर फेस येतो, आंबट वास सुटतो आणि पाणी गडद होते. खरी खूण मात्र कापडावरच पाहावी: हिरडा दिलेल्या चिंधीवर या द्रवाचा थेंब टाकला की तो पाहता पाहता निळसर काळा झाला पाहिजे. थेंब राखाडीवर थांबला तर भांडे आणखी काही दिवस तसेच राहू द्यावे.

घाई असली की अनेक जण यासाठी हिराकस (लोहाचे सल्फेट) विरघळवून वापरतात. रंग लगेच मिळतो, परंतु हिराकशीत लोहाबरोबर गंधकाम्लाचा अंश येतो आणि तो कापडात मागे राहतो. जास्त प्रमाणात वापरलेल्या हिराकशीने काळे छापलेले भाग वर्षांनी कुजून गळू लागतात, हे संग्रहालयांतल्या जुन्या कापडांवर दिसते. गुळाच्या आंबवणातली आम्ले सौम्य असतात. वापरायच्या कपड्यासाठी मी हिराकस सुचवणार नाही. मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांची तर या कामात गरजच नाही. पहिले जलचरांना घातक आहे आणि दुसरे माणसालाही.

खळीसाठी चिंचोक्याचे पीठ घ्यावे. धनगरांच्या घोंगडीला जी खळ देतात तीच ही, आणि छपाईतही ती फार विश्वासू ठरते. गाळलेल्या लोहद्रवाच्या १ लिटरला सुमारे ५० ग्रॅम पीठ प्रथम थोड्या थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मग द्रवात मिसळावे आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. लाल रंगासाठी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम तुरटी विरघळवून त्याच पद्धतीने खळ करावी. तुरटीची खळ कापडावर जवळजवळ दिसत नाही. म्हणून बगरूचे कारागीर तिच्यात थोडा गेरू मिसळतात, आणि तो पुढच्या धुलाईत निघून जातो. दोन्ही खळी गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून पिळून गाळाव्यात. चमचा उचलल्यावर खळ मधाच्या धारेसारखी, न तुटता पडली पाहिजे. ती पाण्यासारखी असेल तर ठशाच्या कडेने पसरते, आणि फार घट्ट असेल तर बारीक रेघा बुजतात. दोन्ही खळींची भांडी, पळ्या आणि ठसे पूर्णपणे वेगळे ठेवावेत. तुरटीच्या खळीत लोहाचा एक चमचा गेला तरी लाल रंग विटकरी होतो.

ठसे आणि छापण्याची जागा

राजस्थानातले कारागीर बाह्यरेषेच्या ठशाला रेख, जमीन, म्हणजे नक्षीमागची पार्श्वभूमी, भरणाऱ्या ठशाला गद आणि आतल्या भरणीच्या ठशाला दत्ता म्हणतात. विद्यार्थ्याने सुरुवातीला एक रेख आणि एक दत्ता एवढेच घ्यावे. गांधीनगरजवळचे पेथापूर लाकडी ठशांसाठी प्रसिद्ध आहे. सागाचा किंवा शिसवाचा ठसा घेतला तर वापरण्यापूर्वी तो काही दिवस तेलात बुडवून ठेवावा, म्हणजे पाण्याने वाकत नाही. लेझरने कापलेले एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) ठसे स्वस्त पडतात, पण ते ओलाव्याने फुगतात, त्यामुळे त्यांना लाखेचे दोन हात द्यावेत.

नक्षी निवडताना एखाद्या समाजाच्या विधीतली चिन्हे उचलू नयेत असे मला वाटते; वारली लग्नातला देवचौक कुर्त्याच्या पाठीवर छापणे मला पटत नाही. याउलट आपल्याच घरातल्या आजीच्या हातावरचे गोंदण, त्यातले ठिपके आणि तुळस, यांचा अभ्यास फार फलदायी ठरतो, कारण ती नक्षी मुळातच शरीराच्या गोलाईसाठी योजलेली आहे.

छापण्याच्या टेबलावर गोणपाटाचे काही थर आणि त्यावर धुतलेली जुनी चादर ताणून बसवावी. पृष्ठभाग दाबल्यावर किंचित खाली जावा, पण लुसलुशीत नसावा. खळीसाठी पसरट ट्रे घेऊन त्यात जुन्या घोंगडीचा तुकडा ठेवावा आणि त्यात खळ मुरू द्यावी. ठसा त्यावर टेकवला की सर्व नक्षीला सारखी खळ लागते. ठसा कापडावर सरळ वरून ठेवावा, मुठीच्या खालच्या भागाने एकदाच ठोका द्यावा आणि तो न सरकवता उचलावा. आधी काळी रेख, ती सुकल्यावर लाल भरणी, असा क्रम ठेवावा. हे काम पावसाळ्यात टाळलेले बरे, कारण दमट हवेत खळ सावकाश सुकते आणि पसरते. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे दिवस उत्तम.

अंगरख्याचा विचार इथेच, ठसा टेकवण्याआधी करायचा असतो. बाराबंदी हा बंदांनी बांधायचा, सरळ तुकड्यांचा कपडा आहे. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या शुभ्र बाराबंद्या घातलेले भाविक दिसतात. त्या जवळून पाहिल्या तर पाठ, दोन एकमेकींवर येणारी पुढची अंगे, बाह्या आणि काखेतले चौकोनी तुकडे अशी रचना लक्षात येते. सरळ तुकड्यांमुळे कापड वाया जात नाही आणि नक्षी मोडत नाही. प्रत्येक तुकडा कापडावर पेन्सिलीने आखावा, चारही बाजूंनी शिवणीसाठी दीड सेंटिमीटर माया सोडावी, पण कापू नये. मायेच्या पट्टीतही नक्षी पुढे चालू ठेवावी, म्हणजे शिवण किंचित सरकली तरी कोरी रेघ उघडी पडत नाही.

नक्षी कुठे दाट आणि कुठे विरळ हवी हे टेबलावर कळत नाही. कागदावर ठसे उमटवून ते कापून जुन्या सदऱ्यावर टाचणीने लावावेत आणि तो सदरा कोणाला तरी घालायला सांगून हात वर करायला, बसायला आणि वाकायला लावावे. छातीवर एकमेकींवर येणारी अंगे खालच्या अंगाचा बराचसा भाग झाकतात, त्यामुळे तिथे छापलेली मेहनत दिसत नाही. पाठ मात्र संपूर्ण सपाट मिळते आणि मुख्य रचना तिथेच खुलते. काखेतले तुकडे आणि गळ्याची पट्टी कोरी ठेवावी. याला कारण रसायनाचे आहे: आम्लाने लोहाचा काळा रंग उतरतो, आणि घामाचा आम्लांश सर्वांत जास्त याच जागी जिरतो. छापून तयार झालेल्या चिंधीवर लिंबाचा थेंब टाकून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

धुणे आणि उकळणे

छापलेले कापड किमान तीन दिवस, शक्य असल्यास आठवडाभर, कोरड्या हवेत राहू द्यावे. या काळात धातूचे क्षार धाग्यावर घट्ट बसतात आणि ही प्रतीक्षा कापली तर रंग पहिल्याच धुलाईत जातो. त्यानंतर खळ आणि न बसलेले क्षार धुवून काढायचे असतात. बागचे कारागीर वाहत्या नदीत कापड धरतात, त्यामुळे सुटलेले क्षार कोऱ्या भागावर बसायच्या आत वाहून जातात. शहरातल्या घरात मोठ्या टबात भरपूर पाणी घेऊन त्यात मूठभर गव्हाचा कोंडा आणि दोन चमचे खडूची पूड मिसळावी. ती सुटलेल्या क्षारांना पकडते. पूर्वी युरोपातले सुती छपाईचे कारखाने यासाठी शेणाचे पाणी वापरत आणि शेणातले फॉस्फेट तेच काम करत असे. कापड दोन्ही हातांनी ताणून झटकन बुडवावे, सतत हलवावे आणि छापलेला भाग कोऱ्या भागावर दुमडून पडू देऊ नये. नंतर साध्या पाण्यात अनेकदा खंगाळावे, खळीचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत.

आता मंजिष्ठ. २५० ते ३०० ग्रॅम पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी आणि सकाळी त्याच पाण्यासह मोठ्या पातेल्यात घालावी. त्यात २५ ते ५० ग्रॅम वाळलेली धायटीची फुले टाकावीत. ती कोऱ्या जमिनीवर रंग फारसा बसू देत नाहीत, आणि छपाईची गावे म्हणूनच त्यांना अजून धरून आहेत. पाणी कोमट असतानाच कापड घालावे, तासाभरात आच सावकाश वाढवत ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी आणि त्याच तापमानावर आणखी तासभर ठेवावी. सर्व वेळ काठीने कापड उलटत राहावे. सुमारे अर्ध्या तासाने, अदृश्य असलेल्या तुरटीच्या जागी प्रथम गुलाबी आणि मग गडद लाल नक्षी वर येताना दिसते. बाजारात मिळणारे अॅलिझारिन हे कृत्रिम लाल रंगद्रव्य वापरले तर रंग अधिक ठाशीव येतो. १८६८ साली जर्मनीत कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि आज बाग व बगरूमध्ये बहुतांश तेच वापरले जाते. मंजिष्ठेचा लाल त्यापेक्षा शांत आणि किंचित नारिंगी असतो, आणि मला तो अंगावर जास्त शोभतो असे वाटते.

बाहेर काढलेल्या कापडाची जमीन गुलाबट, मातकट असते. ती उजळण्यासाठी कोंडा घातलेल्या पाण्यात कापड दहा मिनिटे उकळावे, मग गवतावर पसरून दिवसभर त्यावर पाणी शिंपडत ऊन द्यावे. असे दोनतीन दिवस केले की जमीन सायीच्या रंगाची होते.

शिवण्यापूर्वी

कापड कापण्याआधी मायेबाहेरच्या उरलेल्या भागातून तीन पट्ट्या काढाव्यात. एक रिठ्याच्या पाण्यात पांढऱ्या चिंधीला टाचून अनेकदा धुवावी आणि चिंधीवर रंग उतरतो का ते पाहावे. दुसरीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवावी. प्रयोगशाळा उपलब्ध असेल तर धुलाईचा पक्केपणा १ ते ५ च्या करड्या पट्टीवर आणि उन्हाचा पक्केपणा १ ते ८ च्या निळ्या लोकरीच्या पट्टीवर तपासून घ्यावा. तिसरी पट्टी वहीत शिवून तिच्याखाली कापडाचे वजन, पाण्याचा स्रोत, हिरड्याचे प्रमाण, लोहद्रवाचे वय, सुकवण्याचे दिवस आणि उकळीचे तापमान लिहावे. ही वही नसेल तर पुढच्या वेळी मिळालेला सुंदर रंग पुन्हा काढता येत नाही, आणि परीक्षकासमोर प्रयोगाचे कारणही सांगता येत नाही.

अंगरखा शिवताना आधी बाह्या पाठीला आणि पुढच्या अंगांना जोडाव्यात, मग काखेतले चौकोन बसवावेत आणि शेवटी बाजूच्या शिवणी घ्याव्यात. बंद न छापलेल्या पण त्याच पातेल्यात उकळलेल्या पट्ट्यांचे करावेत, म्हणजे त्यांची छटा जमिनीशी जुळते. बंद जिथे लागतात तिथे आतून कापडाचा छोटा तुकडा घालून दुहेरी शिवण द्यावी, कारण ताण तिथेच येतो.

हा कपडा थंड पाण्यात रिठ्याने धुवावा. सोडायुक्त साबणाने मंजिष्ठेचा लाल जांभळटपणाकडे वळतो, तर चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर सांडले तर काळ्या नक्षीवर फिकट डाग पडतो. ताबडतोब भरपूर पाण्याने धुतल्यास नुकसान कमी होते. वाळवताना उलटा करून सावलीत घालावा, इस्त्रीही उलट बाजूनेच करावी, आणि या सूचना कापडी पट्टीवर लिहून ती मानेच्या आतल्या बाजूला शिवून टाकावी, म्हणजे अंगरखा दुसऱ्याच्या हाती गेला तरी त्याला त्या वाचता येतील.